गळाला लागलेला पंजाएवढा मासा चिलापी आहे की कटल्याचं पिल्लू?

उजनी धरणात गांडुळावर लागलेला पंजाएवढा, करडा, चपटा मासा म्हणजे बहुतेक चिलापीच. पाठीवरच्या परावरून शेपटीकडून डोक्याकडे जपून बोट फिरवा. ओळीने काटे टोचले तर चिलापी; कटल्याचा पर मऊ असतो, डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. याहून पक्की खूण नाकाची: चिलापीला प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी, कटल्याला दोन. शेपटीवर उभे बारीक पट्टे असतील तर नाईल चिलापी. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या मोझांबिक जातीला ते नसतात. खवले काढून, हळद-मीठ-लिंबू लावून कडक तळा, फार गोड लागते. कटल्याचं पिल्लू निघालं तर मात्र कृपया लगेच पाण्यात सोडा, ते कित्येक किलोंचं होतं.