वाचकांचे प्रश्न : नेढ्यातली मूर्ती आणि शेजारचे माग

प्रश्न : आमच्या आठवीतल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. वाचताना अडखळतो, पण सुईने खडूवर नखाएवढा गणपती कोरतो. सुईच्या नेढ्यात मूर्ती बसवणाऱ्या इंग्रज कलाकाराचा व्हिडिओ पाहिल्यापासून त्याला तेच करायचंय. पण मूर्ती ऐन शेवटी मोडते. भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. सोनाराचं भिंग आणून दिलं, तेही जमेना.
– एक पालक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ते कलाकार विलर्ड विगन, जन्म १९५७, गाव वुल्व्हरहॅम्प्टन. त्यांनाही डिस्लेक्सिया, स्वमग्नतेचं निदान तर प्रौढपणी झालं. पाचव्या वर्षी ते मुंग्यांसाठी घरं करायचे. आजही रहदारी थांबल्यावर, रात्री काम करतात आणि नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये हत्यार चालवतात. मिनिटाला ७० ठोके धरले तर मधे सेकंदभरही मिळत नाही. नखाएवढ्या गणपतीला एवढं लागणार नाही, पण माग बंद असतानाची वेळ मात्र हवीच.

टेबलावर वाटीभर पाणी ठेवा. माग चालू असताना त्यावर लहरी दिसल्या, तर हात कितीही स्थिर असून उपयोग नाही. टेबल सामाईक भिंतीपासून हलवा, शक्यतो तळमजल्यावर. त्यावर स्कूटरची जुनी ट्यूब निम्मी हवा भरून ठेवा आणि वर शहाबादी फरशीचा जाड तुकडा. कोपरं आणि मनगटं फरशीवरच टेकवायची.

भिंगात दोष नाही. दहापट भिंग वस्तूपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं, मग सुई घालायची कुठून? शाळेतला मायक्रोस्कोपही नको, त्यात प्रतिमा उलटी दिसते आणि हात डावीकडे नेला की सुई उजवीकडे जाते. आत्ता कपाळाला बांधायचं तिप्पट भिंग पुरे. पुढे दहा ते वीसपटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या. त्यात प्रतिमा सुलट दिसते, खाली हाताला जागाही राहते.

आता मोडण्याचं. मुलं सोंड आधी मोकळी करतात, मग पोट घासताना तीच तुटते. सोंड, कान, हात यांच्यामागचा खडू शेवटपर्यंत राहू द्यावा. खालचे दोन सेंटिमीटर कोरायचेच नाहीत, ती मूठ. सुईचं टोक कुरुंदाच्या दगडावर छिन्नीसारखं चपटं करावं. दाबायचं नाही, खरवडायचं, आणि ओढ जाड भागाकडे ठेवायची. नाजूक जागी एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी असं मिश्रण केसाने टिपून लावा. पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा सुई लावू नका, ओला खडू लोण्यासारखा सुटतो.

प्रश्न : तांदळावर कोरलेला बारीक तुकडा उचलायला गेलं की उडतो किंवा चिमट्याला चिकटून बसतो. उन्हाळ्यात फारच.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा आणि अंगावरचा टेरिकॉट, दोन्ही मिळून स्थिर वीज साठवतात. सुती कपडे घाला, प्लास्टिकचा चिमटा टाकून धातूचा घ्या, कामाशेजारी ओलं फडकं पसरा. तुकडा चिमट्याने पकडूच नका; सुईचं टोक जिभेला लावून ओलं करा आणि तुकडा टिपून घ्या. पंखा बंद ठेवावा लागतो, घाम येतोच, म्हणून पहाटे बसा. श्वास सोडून झाल्यावरच तुकडा उचलायचा. विगन यांची एक मूर्ती श्वासाबरोबर आत गेली होती!

प्रश्न : अशा मुलाला दहावीला सवलत मिळते का?
– वरचेच पालक

उत्तर : मिळते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र मात्र शासनमान्य रुग्णालयाचं लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. जादा वेळ, लेखनिक वगैरेंसाठीचा अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.