वाचकांचे प्रश्न: एकाच भांड्यात, वाफेवरचं जेवण

प्रश्न: वाफवताना खालचं पाणी मध्येच संपतं आणि पातेल्याचा तळ करपतो. पाणी नेमकं किती ठेवायचं?

उत्तर: पाणी वाढवण्याआधी आच बघा. पाणी एकदा उकळलं की वाफेचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. गॅस मोठा ठेवला म्हणून ते चढत नाही, पाणी मात्र भराभर उडतं. मोठ्या बर्नरवर १ लिटर पाणी वीस-पंचवीस मिनिटांत संपू शकतं. तेच बारीक आचेवर तासभर पुरतं. उकळी येईपर्यंत आच मोठी ठेवा. मग झाकणाच्या कडेने वाफेची बारीक पण सलग धार दिसत राहील इतकी कमी करा. धार दिसेनाशी झाली तर आच जास्तच उतरली.

२४ सेंमी रुंदीच्या पातेल्यात १ लिटर पाणी तळापासून दोन सेंटिमीटरहून जरा वर येतं. जाळी त्याच्या वर निदान २ सेंमी हवी, नाहीतर उसळणारं पाणी खालच्या फोडी भिजवतं. पाण्यात एक छोटी स्टीलची वाटी पालथी टाकून ठेवा. ती खडखडतेय तोवर पाणी आहे, आवाज बसला की झाकण काढून बघा. भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. गार पाण्याने वाफ मोडते आणि शिजण्याचा सगळा हिशोब चुकतो.

प्रश्न: भात, बटाटे, भाजी आणि मासा एकाच वेळी लावते. मासा चोथा होतो आणि भाताची कणी राहते. सगळं एकदम तयार कसं करायचं?

उत्तर: एकदम लावून एकदम तयार होणार नाही. बटाट्याला अर्धा तास लागतो तिथे माशाला दहा मिनिटं पुरतात. पण दर पाच मिनिटांनी झाकण उघडून एकेक जिन्नस घालणं हाही उपाय नव्हे, कारण प्रत्येक उघडझापीला कोंडलेली सगळी वाफ निघून जाते. झाकण एकदाच उघडायचं आणि बाकीचा वेळ सुरीने जुळवायचा.

दोघांपुरतं असं करा. १ वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळा. पसरट स्टीलच्या डब्यात घालून वर सव्वा वाटी उकळतं पाणी ओता (न भिजवलेल्या तांदळाला दीड वाटी). इथे गार पाणी घातलं तर तेच तापण्यात दहा मिनिटं जातात. कणी राहण्याचं नेहमीचं कारण हे. कोरड्या तांदळाचा थर अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. डबा जाळीवर ठेवा आणि भोवती बटाट्याच्या अडीच सेंमीच्या फोडी सुट्या पसरा. पातेल्यातून वाफ जोरात येऊ लागल्यावरच हे आत ठेवायचं आणि मिनिटं तिथून मोजायची.

२० मिनिटांनी झाकण उघडा. गाजराच्या अर्धा सेंमी जाडीच्या चकत्या आणि शेंगा बटाट्यांवर टाका. मासा काठ असलेल्या ताटलीत घालून भाताच्या डब्यावर टेकवा, पण मध्ये फट राहील असा. खाली दोन चमचे आडवे ठेवले तरी चालतं. ताटलीच्या भोवती सगळीकडून २ सेंमी मोकळे हवेत. वाफेला वर चढायला वाटच नसेल तर वरचं कच्चं राहतं आणि दोष उगाच वेळेला दिला जातो. मासा अडीच सेंमी जाड असेल तर आणखी १० ते १२ मिनिटं. काट्याने दाबल्यावर त्याचे पदर सुटले आणि आतला पारदर्शकपणा गेला की झाला. आच बंद करून मासा आणि भाजी लगेच काढा, भात झाकून १० मिनिटं मुरू द्या.

माशाऐवजी कोंबडी असेल तर ती सर्वांत खाली, स्वतःच्या डब्यात, भाताबरोबरच लावा. कच्च्या मांसाचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकता कामा नये. पाच-सहा सेंमीचे बिनहाडाचे तुकडे एका थरात ठेवले तर तीस मिनिटं भरपूर होतात. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश दिसले पाहिजेत, माशाला ६३ पुरतात.

प्रश्न: भाताचा वरचा थर नेहमी गिच्च होतो.

उत्तर: झाकणाला जमलेलं पाणी खाली ठिबकतं. झाकणाला सुती फडकं गुंडाळा आणि चारही टोकं वर घेऊन मुठीपाशी गाठ मारा. लोंबतं टोक पेट घेतं.

प्रश्न: वाफवलेल्या हिरव्या भाज्या शेवाळी रंगाच्या का होतात? शिवाय चवही सपक लागते.

उत्तर: भाजी तापली की तिच्यातली आम्लं सुटतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, म्हणून तो मळकट रंग. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, पण झाकण बंद असलं की तीच परत भाजीवर येतात. नुसती भाजी वाफवत असाल तर पहिलं मिनिटभर झाकण उघडं ठेवा आणि सात मिनिटांच्या आत उतरवा. पालकाला दोन-तीन मिनिटं पुरे. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा, आधी पिळलं तर रंग हमखास जातो.

चवीचं म्हणाल तर खालच्या पाण्यात मीठ घालून काहीही साधत नाही. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही. आलं किंवा लसूण ठेचून पाण्यात टाकला तर वास थोडा वर येतो, पण तेच माशावर चोळलं तर दसपट फरक पडतो. मीठ बटाट्याला आणि मांसाला आधी लावा, पालेभाजीला नंतर. खमंगपणा वाफेतून मिळत नाही, त्याला दीडशे अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता लागते. तेव्हा कांदा किंवा कोंबडीचे तुकडे त्याच पातेल्यात आधी तेलावर लालसर परतून बाजूला काढा आणि मग तिथेच पाणी ओता. नाहीतर शेवटी वरून चमचाभर कडकडीत तेलाची फोडणी द्या.

प्रश्न: ट्रेकला छोटा गॅस आणि एकच पातेलं असतं, जाळी नसते. वाफवायचं कशावर? उंचावर बटाटे तासभरही शिजत नाहीत, त्याचं काय करावं?

उत्तर: जाळीचं काम अॅल्युमिनियम फॉइलचे मुठीएवढे तीन घट्ट गोळे चोख करतात, त्यांच्यावर ताटली ठेवायची. पातेल्यात दगड घालणार असाल तर ओढ्यातले नकोत, आत मुरलेलं पाणी तापून ते फुटू शकतात. अनोळखी झाडाच्या काड्यांची जाळी मुळीच करू नका, काही झाडं विषारी असतात.

वाऱ्याला आडोसा हवाच, नाहीतर गॅस दुप्पट जातो. पण बर्नर थेट गॅसच्या डब्यावर बसणारा असेल तर आडोशाने चारही बाजू बंद करू नका; डबा तापला तर फुटू शकतो. डब्याला हात लावून बघत राहा, गरम लागला की आडोसा दूर करा. तंबूत स्वयंपाक नाही, पाऊस असला तरी नाही: ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. नुसत्या ब्युटेनचा डबा शून्य अंशाच्या आसपास चालेनासा होतो, थंडीत प्रोपेन मिसळलेला घ्या. चुलीवर करायचं तर ज्वाळेपेक्षा निखारे बरे. पातेल्याला बाहेरून आधी साबणाचा लेप दिला की काजळी पुढे सहज धुतली जाते.

आता उंची. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर वाफ जेमतेम ९० अंशांची असते. तिथे आच वाढवून काही होत नाही. बटाट्याच्या फोडी दीड सेंमीच्या करा आणि वेळ दीडपट धरा. अंडी, मसूर डाळ, पातळ चिरलेली भाजी उंचावरही नीट होते. अख्खी कडधान्यं न्यायचीच असतील तर छोटा प्रेशर कुकर सोबत हवा.

प्रश्न: भिजवलेला राजमा भाताबरोबर वाफेवर लावला तर चालेल?

उत्तर: नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. मंद उष्णतेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक त्रास देऊ शकतो. भिजवल्याचं पाणी टाकून द्या, नव्या भरपूर पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा आणि मऊ झाल्यावरच खा. शिजलेला राजमा वाफेवर गरम करायला हरकत नाही.

प्रश्न: झाकण काढताना हात भाजला. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त का भाजते?

उत्तर: वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते आणि ती सगळी कातडीत जाते. अन्नही याच उष्णतेने शिजतं. झाकण आधी पलीकडच्या बाजूने उचला, म्हणजे वाफेचा पहिला झोत तुमच्यापासून दूर जाईल. डबे सांडशीने काढा; ओलं फडकं नको, ओल्यातून चटका लगेच पोचतो. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. फोड आली किंवा चेहरा भाजला असेल तर डॉक्टरांना दाखवा.