कॉलेज बास्केटबॉलमधला तुमचा आवडता वॉक-ऑन, म्हणजे क्रीडा शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, खेळाडू कोण? आणि फुकटात बाकावर बसायला ही मुलं तयार तरी का होतात?

ग्रेडी आयफर्ट. अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ, २०१५ ते २०१९, जर्सी नंबर २४.

आता खाली कोणीतरी स्कॉटी पिपेन लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो, ते उत्तर मी धरत नाही. पिपेन १९८३ मध्ये सेंट्रल अर्कान्सास विद्यापीठात बिनशिष्यवृत्तीचा, जेमतेम सहा फूट एक इंचाचा पोरगा म्हणून गेला हे खरं. पण मग तो तिथेच ताडासारखा वाढला, १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पाचवा निवडला गेला आणि शिकागोकडून सहा अजिंक्यपदं जिंकला. जेफ हॉर्नासेकचंही तेच. आयोवा स्टेटचा वॉक-ऑन, पुढे एनबीएचा ऑल-स्टार. लॉटरी लागल्यावर तिकिटाचं कौतुक कोणीही करेल. वॉक-ऑन म्हणून आवडतो की नंतर मोठा झाला म्हणून, ते एकदा ठरवा.

तुमच्या प्रश्नातलं 'फुकटात बाकावर' वाचलं आणि मी ताट बाजूला सारून लिहायला बसलो. कारण हे शब्द माझ्या दादाचे आहेत.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या संघात बारावा होतो. संघ बाराच जणांचा असतो, तेव्हा काय ते समजून घ्या. तिसऱ्या वर्षी आम्ही झोनलच्या सेमीफायनलला पोचलो. समोरच्या संघात सात नंबरचा एक गार्ड होता, तो काही केल्या आवरायचा नाही. उजवा हात दाखवायचा आणि डावीकडून निसटायचा. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तीन दिवस तू सात नंबर. डावीकडून जायचं, दुसरं काही करायचं नाही." मी डावखुरा नाही. पहिल्या दिवशी चेंडू माझ्याच पायावर आपटत होता, पोरं हसत होती. तिसऱ्या दिवशी मात्र आमचा पप्या, जो मला अडवायचा, वैतागून म्हणाला, "अरे, आता तू झोपेतसुद्धा डावीकडूनच उठशील."

मॅचच्या दिवशी दादा बँकेतून हाफ डे टाकून चिंचवडहून स्कूटरवर आला. पप्यानं त्या सात नंबरकडून दुसऱ्या हाफमध्ये तीनदा चेंडू काढला, तिन्ही वेळा तो डावीकडे वळतानाच. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. शेवटची चाळीस सेकंद सरांनी मला आत पाठवलं. चेंडू माझ्याकडे आलाच नाही. त्याआधीचा सगळा वेळ मी बाटल्या भरत होतो आणि टॉवेल देत होतो, ते दादानं नीट पाहिलं. बाहेर वडापाव खाताना म्हणाला, "बाटल्या मस्त भरतोस. फुकटात बाकावर बसायला पहाटे पाचला उठतोस होय रे?" त्या दिवसापासून घरात माझं नाव पाणक्या. दर दिवाळीला निघतं. वहिनीलाही लग्नाआधीच माहीत झालेलं होतं.

२०१७ मध्ये एमएसला वेस्ट लाफायेटला, म्हणजे पर्ड्यूलाच गेलो. तिथल्या मॅकी अरीना स्टेडियममध्ये १४,००० वर माणसं, आणि मी मात्र बाक बघत बसायचो. आयफर्ट पहिल्या वर्षी मला बहुतेक तिथेच दिसला. फोर्ट वेनचा, वडीलही पर्ड्यूकडूनच खेळलेले, थोरला भाऊ टायलर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये. थोरल्या भावाचं वाचल्यावर तर माझं ठरूनच गेलं. पुढच्या मोसमात बघतो तर हा सुरुवातीच्या पाचात! शूटिंगचे खेळ दुसऱ्यांकडे. हा रिबाउंडला घुसणार, पडणार, उठणार.

३० मार्च २०१९, लुईव्हिल, राष्ट्रीय स्पर्धेची एलिट एट म्हणजे शेवटच्या आठ संघांची फेरी, समोर व्हर्जिनिया. आमच्या कार्सन एडवर्ड्सनं ४२ गुण काढले, त्यात तीन-तीन गुणांचे दहा बास्केट. शेवटची काही सेकंद उरली असताना आम्ही ७०-६८ नं पुढे होतो. व्हर्जिनियाचा दुसरा फ्री थ्रो हुकला, पण त्यांच्या डियाकिटेनं चेंडू मागे टोलवला. तो पार अर्ध्या कोर्टापलीकडे गेला, त्यांच्याच क्लार्कनं धावत जाऊन उचलला, परत डियाकिटेकडे फेकला, आणि बझरबरोबर बरोबरी. ओव्हरटाइममध्ये ८०-७५ नं गेलो. आमच्या अपार्टमेंटमध्ये कोणी बोलेना. तेवढ्यात दादाचा फोन. भारतात रविवारची सकाळ, पोहे खात होता.

"तुझा तो पाणक्या खेळला का रे?"

"सुरुवातीपासून होता."

थोडा वेळ नुसता चमच्याचा आवाज. मग म्हणाला, "हरले ना पण?"

तर, का तयार होतात. मार्क टायटस नावाचा ओहायो स्टेटचा वॉक-ऑन होता, त्यानं स्वतःच्या ब्लॉगचं नावच क्लब ट्रिलियन ठेवलं होतं. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांच्या तक्त्यात, एक मिनिट आणि पुढे सगळी शून्यं असली की ट्रिलियनसारखं दिसतं, म्हणून. तो चेष्टाच करायचा, पण सरावाला जायचाच ना? कारण शिष्यवृत्तीवाल्यांना रोज कोणीतरी उद्याचा प्रतिस्पर्धी होऊन दाखवावं लागतं. डाव पाठ करायचे दुसऱ्याचे, आणि मार खायचा आपल्यांचा. हे काम बाकावरून दिसत नाही, म्हणून प्रेक्षकाला ते फुकटात वाटतं. ज्यानं एकदा केलंय त्याला विचारा.

आता थोडं प्रामाणिकपणे. आयफर्टला शेवटच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेली होती, त्यामुळे काटेकोर बघाल तर माझं उत्तरही थोडं लॉटरीवालंच आहे. वॉक-ऑन घरचे पैसे भरून शिकतो, आणि अमेरिकेतली फी बघता हा शौक सगळ्यांना परवडणारा नाही, हेही खरं. शिवाय २०२५ च्या हाउस सेटलमेंटनंतर, म्हणजे कॉलेज खेळांबद्दलच्या कोर्टातल्या तडजोडीनंतर, संघामागे तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, त्याऐवजी करारात सामील झालेल्या कॉलेजांना एकूण संघच पंधराचा. पंधराच्या पंधरा जागा शिष्यवृत्तीनं भरता येतात म्हटल्यावर बिनशिष्यवृत्तीच्या पोराला कोण घेणार? त्यामुळे आवडता वॉक-ऑन निवडायचा असेल तर लवकर निवडा. आणि हो, माझे बास्केटबॉलचे बूट चारही वर्षं दादानंच घेतले होते.

पण दादा, तू इथे लॉगिन न करता वाचतोस ते मला ठाऊक आहे. त्या सेमीफायनलच्या स्कोअरशीटचा फोटो तुला पुन्हा पाठवतो. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल असतो, बदलीत आलेल्याला नुसती फुली. शेवटून पहिलं नाव बघ. झूम कर. फुली आहे.