मुंबई महानगर प्रदेशासाठी काळू धरण खरंच हवं का? गळती थांबवून आणि पावसाचं पाणी साठवून भागणार नाही का?

हवं. काळू म्हणजे ठाणे जिल्ह्यात, मुरबाडला काळू नदीवर प्रस्तावित असलेलं धरण. मी डोंबिवली पूर्वेला राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे पाणी आलं नाही की पहिला फोन मलाच येतो. तुम्ही सुचवलेल्या दोन्ही उपायांचा हिशोब आधी मांडतो.

आमची इमारत 48 फ्लॅटची, गच्ची साधारण 500 चौरस मीटर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर गच्चीवर साडेबारा लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला भरपूर वाटतं. माणशी 135 लिटर हा सरकारी मापदंड, घरटी चार माणसं, म्हणजे रोजची गरज 26 हजार लिटर. थेंब न्‌ थेंब धरला तरी दीड महिन्याची बेगमी झाली. आणि धरणार कुठे? आमची खालची टाकी दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी, आणि जुलैत ती अशीही भरलेलीच असते. गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायची सोय आम्ही केली आहे, फ्लशचं आणि जिने धुवायचं पाणी त्यावर निघतं. मे उजाडला की बोअरचा पंप पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढतो. सोय म्हणून उत्तम, पण शहर त्यावर चालत नाही.

गळती थांबवायलाच हवी, त्यात दुमत नाही. मात्र ‘गळती आणि चोरी’ हे जोडनाव फसवं आहे. चोरीचं पाणी बहुतेक वेळा चाळीत कोणीतरी पितंच असतं. जोडणी अधिकृत केली तर महापालिकेला पैसे मिळतील, पाणी वाचणार नाही. खरी गळती आहे जमिनीखालच्या जुन्या लाइनींतून. त्या बदलायला रस्ते फोडावे लागतात, वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर खाडीपलीकडे नवे टॉवर उभे राहिलेले असतात.

आता साठ्याकडे या. मुंबईच्या सात तलावांची उपयुक्त क्षमता साधारण 14.47 लाख दशलक्ष लिटर. रोजचा पुरवठा 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास. भागाकार करून बघा: काठोकाठ भरलेले तलाव वर्षभर जेमतेम पुरतात. शिल्लक नावाचा प्रकारच नाही. म्हणून पाऊस दोन-तीन आठवडे लांबला की कपात आलीच. 2009मध्ये ती 30 टक्क्यांवर गेली होती, 2024च्या जूनमध्ये 10 टक्के होती. मुंबईच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या चितळे समितीने 1994मध्येच मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही धरणं सुचवली होती. त्यातलं मध्य वैतरणा तेवढं झालं.

आमच्या बाजूला, म्हणजे कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडीकडे, मदार बारवी धरण आणि उल्हास नदीवर. उन्हाळ्यात उल्हासमध्ये जे वाहतं ते बरंचसं टाटांच्या आंध्रा धरणातून वीज तयार करून सोडलेलं आणि बारवीतून आलेलं पाणी. साठा कमी पडायला लागला की आठवड्यातून एक दिवस शटडाऊन. दुसऱ्या दिवशी पाणी येतं ते आधी गढूळ आणि प्रेशरशिवाय. चावीवाला लवकर चावी फिरवून गेला तर तेही नाही. आणि याच पट्ट्यात 2019च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. कोकणात पाणी कमी नाही. चार महिन्यांत येतं आणि खाडीत जातं. ते अडवून आठ महिने पुरवायचं तर मोठी साठवण लागते. समुद्राचं पाणी गोडं करता येतं, पण हजार लिटरला तीन-चार युनिट वीज जाते. मनोरीचा असा नियोजित प्रकल्प रोज 200 दशलक्ष लिटरचा, वाढवला तर 400. काळूची कल्पनाच मुळात रोज 1,100 दशलक्ष लिटरच्या पुढची आहे.

धरणविरोधी मित्रांशी माझं खरं भांडण इथून पुढे आहे. नवं धरण बांधलं नाही तर कोणाचंच नुकसान होत नाही, असं ते धरून चालतात. नुकसान होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. सूर्या धरण कशासाठी होतं? डहाणू-पालघरकडच्या, बहुतांश आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी. आज त्यातलं रोज 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी राखलेलं आहे. भातसाही सिंचनाचं स्वप्न दाखवून उभं राहिलं, आज ते मुंबईचा सगळ्यात मोठा आधार आहे. शहराला तहान लागली की ते आधीच भरलेल्या धरणाकडे हात घालतं, आणि तिथे नवं काही बुडत नसल्यामुळे मोर्चाही निघत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत कोरडं पडतं, एवढंच. स्वतःचं धरण असलं की काय होतं ते नवी मुंबईने दाखवलंय. तिने मोरबे विकत घेतलं आणि शेजारची शहरं पाण्यासाठी रांगेत असताना ती बरीच निवांत राहिली.

आता काळूचं दुसरं अंग. मुरबाड तालुक्यात हजारेक हेक्टर जंगल बुडणार आहे, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी पाडे उठणार आहेत. 2011मध्ये वनखात्याची मंजुरी हातात नसताना काम सुरू केलं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. बरोबर केलं. धरण हवं म्हणणाऱ्या माणसाला त्या घाईचा राग जास्त यायला हवा, कारण त्या घाईने एका दशकाहून अधिक काळ वाया घालवला.

बारवीचं उदाहरण समोर आहे. उंची वाढवायचं काम झालं, तरी पुनर्वसनाचा प्रश्न सुटेपर्यंत वाढीव पाणी अडवता आलं नाही. शेवटी प्रकल्पग्रस्त कुटुंबातल्या एकेकाला एमआयडीसीत किंवा पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकरी देण्याचा तोडगा निघाला. तोच तोडगा काळूला पहिल्या दिवसापासून लावा: आधी नोकरी आणि जमीन, मग मातीकाम. आणि मुरबाड-शहापूरच्या गावांचा वाटा करारातच लिहा. भातसा, तानसा, मोडकसागर उशाला असलेल्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, ही लाज पुन्हा नको.

खर्च कोणी करायचा? आम्ही. दहा हजार लिटरच्या टँकरला सोसायटी दोन हजारांच्या वर मोजते, म्हणजे हजार लिटरला दोनशे रुपये, तेही पाणी कुठल्या विहिरीतलं ते न विचारता. महापालिका तेवढंच पाणी काही रुपयांत देते. पुनर्वसनाचा अधिभार म्हणून पाणीपट्टी दुप्पट केली तरी आमच्या वार्षिक सभेत मी तो ठराव मांडीन. आरडाओरडा होईल, पण टँकरची बिलं वाचून दाखवली की मंजूरही होईल.