कॉम्प्लेक्स कॉलममध्येच सुटत असेल, तर त्याची स्थिरता कशी मोजावी?

आपण विचारले आहे की, एचपीएलसीने (द्रावण कॉलममधून, म्हणजे भरलेल्या नळीतून, ढकलून घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) वेगळे करून आणि मास स्पेक्ट्रोमीटरने वस्तुमानावरून ओळखून धातूच्या कॉम्प्लेक्सची, म्हणजे धातू आणि त्याला धरून ठेवणारा लिगंड यांच्या जोडीची, स्थिरता मोजता येते का, आणि आलेखातील शिखरांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हाच स्थिरता स्थिरांक मानावा का. मी बडोद्यातच एम.एस्सी. केले आणि गेली अनेक वर्षे मकरपुऱ्याकडच्या एका प्रयोगशाळेत शेतीसाठीच्या चिलेटेड (लिगंडने धरून ठेवलेल्या) लोहाचे नमुने तपासतो. त्या अनुभवावरून सांगतो : मोजता येते, परंतु ते गुणोत्तर तसेच्या तसे स्थिरांक म्हणून लिहू नये.

स्थिरांक हा समतोलाचा, म्हणजे कॉम्प्लेक्स बनणे आणि सुटणे बरोबरीत आल्यावरचा असतो, आणि कॉलमचे काम नेमके समतोल मोडण्याचे आहे. मोकळा लिगंड पुढे निघून गेला की मागे राहिलेले कॉम्प्लेक्स ती उणीव भरून काढण्यासाठी सुटू लागते. हे सुटणे दिवसांच्या हिशेबाने होत असेल, तर दहा मिनिटांच्या धावेत कुपीतले चित्र जसेच्या तसे बाहेर येते. सेकंदांत होत असेल, तर क्रोमॅटोग्राममध्ये (शिखरांच्या आलेखात) आपल्या द्रावणाऐवजी कॉलमचीच कहाणी दिसते. म्हणून कॉम्प्लेक्स किती घट्ट आहे आणि किती लवकर सुटते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. एमआरआयसाठी वापरलेल्या गॅडोलिनियमच्या कॉम्प्लेक्सांत हा फरक ठळक दिसतो. डीटीपीए या सरळ साखळीच्या लिगंडबरोबरच्या कॉम्प्लेक्सचा लॉग के (स्थिरांकाचा लॉगॅरिदम; जितका मोठा तितकी पकड घट्ट) सुमारे 22.5 आणि वलयाकार डोटाबरोबरच्याचा सुमारे 25; दोन्ही आकडे प्रचंड, तरी पीएच 1 च्या आम्लात पहिले काही मिनिटांत किंवा त्याहूनही लवकर निम्मे सुटते आणि दुसऱ्याला दिवसच्या दिवस लागतात.

आमच्याकडे एकदा याहून साधी गोष्ट आडवी आली. लोह मुळीच न घातलेले ईडीटीए या लिगंडचे कोरे द्रावण इंजेक्ट केले, आणि फेरिक-ईडीटीएच्याच (लोहाबरोबरच्या त्याच्या कॉम्प्लेक्सच्या) वेळेवर एक लहानसे, सुबक शिखर उभे राहिले. ईडीटीएचा लोहाशी लॉग के 25.1 आहे, पंपापासून कॉलमच्या फ्रिटपर्यंत (टोकाच्या सच्छिद्र चकतीपर्यंत) स्टीलच्या वाटेवर त्याला हवे तेवढे लोह मिळत होते. नळ्या पीक या प्लास्टिकच्या बसवल्या, यंत्रणा कॉलम काढून नायट्रिक आम्लाने धुतली, तेव्हा ते शिखर जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे कोऱ्या लिगंडची धाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर प्रवाहाचा वेग निम्मा करून तोच नमुना पुन्हा चालवा. कॉम्प्लेक्सचा वाटा घटला, किंवा दोन शिखरांच्या मध्ये बेसलाइन (आलेखाची तळरेषा) उचललेली राहिली, तर ते वाटेतच सुटत आहे. तसे नसेल, तर स्पर्धेची रीत वापरा : ज्याचा स्थिरांक माहीत आहे असा दुसरा लिगंड मोजून घाला, पीएच आणि आयनिक तीव्रता (द्रावणातील आयनांचे एकूण प्रमाण) बांधून ठेवा, आणि एक तास, एक दिवस, तीन दिवस अशा अंतराने इंजेक्ट करत राहा. दुसऱ्या कुपीत उलट्या बाजूने, म्हणजे स्पर्धक लिगंडच्या कॉम्प्लेक्समध्ये आपला लिगंड घालून, तीच मांडणी करा. दोन्ही कुप्या एकाच गुणोत्तरावर येऊन थांबल्या, तरच समतोल आला असे समजावे. मिळालेला आकडा त्या पीएचपुरता असतो, हेही नोंदवा. कॅल्शियम-ईडीटीएचा लॉग के 10.7 असला, तरी पीएच 4 ला प्रोटॉनांमुळे तो प्रत्यक्षात दोनच्या आसपास उरतो.

मास स्पेक्ट्रोमीटरकडून मात्र एकाच वेळी सगळे मागू नये. आयसीपी-एमएस या प्रकारच्या यंत्राच्या अतितप्त प्लाझ्मात रेणू उरतच नाही, त्यामुळे शिखरात धातू किती ते नेमके कळते, पण तो कोणाशी बांधलेला होता ते कळत नाही; लोहाच्या बाबतीत तर 56 या वस्तुमानावर आर्गॉन-ऑक्साइडही येऊन बसतो, म्हणून कोलिजन सेल (वायूशी टक्कर घडवून असे आयन हटवणारा कक्ष) लागतो. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (रेणू शाबूत ठेवून आयन बनवणाऱ्या प्रकारात) फेरिक-ईडीटीए ऋण आयन म्हणून 344 या वस्तुमानावर दिसतो आणि 342 वर लोह-54 चे सुमारे सहा टक्के उंचीचे शिखर त्याची साक्ष देते. ही ओळख पक्की असते, परंतु तिथली तीव्रता म्हणजे द्रावणातील प्रमाण नव्हे; कोन व्होल्टेज (आयन यंत्रात खेचणारा विद्युतदाब) थोडे वाढवले तरी ती बदलते.

आपला लिगंड ग्लायसिन किंवा सायट्रेटसारखा असेल आणि धातू तांबे किंवा जस्त, तर कॉलमवर वेळ घालवू नका. तिथे देवाणघेवाण फार जलद असते. ग्लास इलेक्ट्रोड आणि ब्युरेट घेऊन केलेले पीएच टायट्रेशनच अधिक विश्वासार्ह स्थिरांक देईल.