बडोद्याहून जर्मनीत टॉक्सिनवर पीएचडी, जावं का?

म्हणजे एमएसयूमधून एमएस्सी झालंय, जर्मनीतल्या एका लॅबने टिटॅनस टॉक्सिनच्या सी फ्रॅगमेंटवर पीएचडी ऑफर केलीय, 'विषावर काम' ऐकून आईने धसका घेतलाय आणि तुला कळत नाहीये की रोज नक्की करायचं काय. मी पण बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, इथे जर्मनीत याच प्रकारचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईला सांग की विषारी तुकडा तो नाहीच. अख्खं टॉक्सिन 150 किलोडाल्टनचं, त्यातली लाइट चेन सिनॅप्टोब्रेविन (मज्जापेशीला निरोप सोडायला लागणारं प्रोटीन) कापते आणि म्हणून झटके येतात. सी फ्रॅगमेंट हे हेवी चेनचं शेवटचं टोक, साधारण 50चं, कापणारं एन्झाइम त्यात नाहीच, ते मज्जातंतूच्या टोकाला चिकटतं आणि अ‍ॅक्सॉनमधून उलटं मोटर न्यूरॉनपर्यंत (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशीपर्यंत) जातं, बस. त्याच्यावर औषध लादून एएलएससारख्या, मोटर न्यूरॉन मरत जाणाऱ्या आजारात आत पोचवता येईल का, एवढाच सगळा खटाटोप.

प्रोटीन बनवणं तसं सोपंय. क्लॉस्ट्रिडियमचा (टिटॅनसच्या जंतूचा) डीएनए ए आणि टी अक्षरांनी भरलेला, ई. कोलायला तो नीट वाचता येत नाही, म्हणून कोडॉन बदललेला जीन सरळ ऑर्डर करतात, ई. कोलाय जंतूत घालतात, मग निकेल कॉलमवर प्रोटीन वेगळं काढतात. खरी डोकेदुखी एंडोटॉक्सिन. ते ई. कोलायच्याच भिंतीतून येतं आणि प्रोटीनबरोबर शेवटपर्यंत चिकटून राहतं. नुसतं शिरेतून द्यायचं असेल तर किलोमागे तासाला 5 युनिटपर्यंत चालतं, पण पाठीच्या कण्यात द्यायचं तर 0.2च, आणि त्यात गंमत अशी की एंडोटॉक्सिन मायक्रोग्लिया (मेंदू-मज्जारज्जूतल्या रोगप्रतिकारक पेशी) भडकवतं, मग उंदीर सुधारला नाही तर दोष औषधाचा की घाणीचा हे कळतच नाही. बडोद्यात अलेंबिक किंवा दुसऱ्या कुठल्या फार्माच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये) ओळख असेल तर एंडोटॉक्सिन मोजायची एलएएल टेस्ट एकदा बघून ये, खरंच.

इंटरव्ह्यूमध्ये पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, दोन गोष्टी विचार. एक, टिटॅनसची लस आपण सगळ्यांनी घेतलेली, म्हणजे अँटिबॉडी आधीच रक्तात, त्या फ्रॅगमेंट पोचायच्या आधीच पकडतील त्याचं काय? लस न दिलेल्या उंदरात हे दिसतच नाही. याचं उत्तर तयार नसेल तर माझ्या मते लॅब कच्ची आहे. दुसरं, एएलएसच्या एसओडी1 उंदरांवर (बिघडलेला एसओडी1 जीन घातलेल्या) प्रयोग करायचं परमिट मिळालंय की अर्ज चालूय? परमिटला महिनोन् महिने जातात आणि तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं घड्याळ तोवर चालूच असतं.

पगार बहुतेक ई13 या सरकारी वेतनश्रेणीच्या 65 टक्के, काही ठिकाणी 50च, एकट्याला पुरतो पण म्युनिकला असशील तर भाड्यातच जाईल. कॉन्ट्रॅक्ट असलं की ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायची) भानगड सहसा लागत नाही. लॅबमध्ये इंग्लिश चालतं, पण अ‍ॅनिमल हाउसची माणसं आणि सरकारी ऑफिस जर्मनच बोलतात, तेव्हा जर्मनची ए2 लेव्हल बडोद्यातच करून ये. इथे आल्यावर वेळ मिळत नाही.