४३ लाख सूर्य, हा आकडा आला कुठून? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी असलेल्या ब्लॅक होलबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण ४३ लाख पट आहे. त्या एका आकड्यावर इंदूरहून इतके प्रश्न आले की ह्या वेळचं सदर त्यातच संपलं. ज्यांनी ग्रहणाबद्दल विचारलंय त्यांचं पुढच्या वेळी, रागावू नका.

राजेंद्र नगर, इंदूर. बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा विचारतात: जी वस्तू दिसतच नाही तिचं वजन ४३ लाख सूर्यांएवढं हे कोणी ठरवलं? आमच्या वेळी बँकेत एक रुपयाचा फरक आला तरी घरी जाता येत नव्हतं.

आजोबा, मग हिशोबाला तुम्हालाच बसवतो, कागद-पेन घ्या. ह्या ब्लॅक होलभोवती बरेच तारे फिरतात, त्यातला एक एस-२ नावाचा. त्याला एक फेरी मारायला १६ वर्षं लागतात. त्याची कक्षा लांबुळकी आहे, तिच्या लांबीचं निम्मं घेतलं तर ते पृथ्वी ते सूर्य ह्या अंतराच्या साधारण १००० पट भरतं. आता केप्लरचा नियम, अंतराचा घन भागिले वेळेचा वर्ग. अंतर पृथ्वी-सूर्याच्या मापात आणि वेळ वर्षांत घेतली की उत्तर थेट सूर्याच्या पटीत मिळतं. हजाराचा घन १०० कोटी, सोळाचा वर्ग २५६, भागा. ३९ लाख आले ना? मी अंतर गोल केलं होतं, खरं ते हजारापेक्षा साडेतीन टक्क्यांनी जास्त आहे, आणि घन असल्यामुळे उत्तर अकरा टक्क्यांनी वाढतं. झाले ४३ लाख. नोबेलचं काम पोस्टकार्डावर मावलं बघा.

अर्थात ते १००० आणि १६ मिळवायला लोकांची अख्खी करिअर गेली. जर्मनीचे राइनहार्ड गेन्झेल ह्यांची टीम १९९२ पासून चिलीतून आणि अमेरिकेच्या आंद्रेया गेझ ह्यांची टीम १९९५ पासून हवाईतल्या केक टेलिस्कोपवरून तेच तारे वर्षानुवर्षं बघत बसली, दोघांची आपसात चांगलीच चुरस होती, वेगळे टेलिस्कोप, वेगळी माणसं, आणि उत्तर मात्र एकच आलं. मला विचाराल तर २०२० च्या नोबेलपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. (त्या वर्षीचं अर्धं बक्षीस ह्या दोघांत वाटलं गेलं, उरलेलं अर्धं रॉजर पेनरोझ ह्यांना.)

आता तुमच्यातला ऑडिटर विचारेल की टेलिस्कोपातून तर फक्त कोन दिसतो, किलोमीटर कुठून आले? रास्त आहे. कक्षेची ती निम्मी लांबी आकाशात फक्त एक अष्टमांश आर्कसेकंदाची भरते (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), तिचे किलोमीटर करायचे तर तिथवरचं अंतर माहीत हवं. ते अंतर हाच तारा देतो. त्याच्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम काढला, म्हणजे प्रकाश रंगारंगांत पसरवला, की तो आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने, हे सरळ किलोमीटर प्रति सेकंदात कळतं, आणि आकाशात तो वर्षाला किती सरकतो ते कोनात कळतं. एकाच ताऱ्याच्या एकाच कक्षेची ही दोन मापं, ती एका विशिष्ट अंतरालाच जुळतात. ते अंतर येतं साधारण २७ हजार प्रकाशवर्षं. आज ह्या वजनातली चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. एक रुपयाचा फरक नाही, पण तुम्ही सही कराल असं वाटतं.

आणि ते ब्लॅक होलच कशावरून? मे २०१८ मध्ये एस-२ त्याच्या सगळ्यात जवळून गेला, पृथ्वी-सूर्याच्या १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने, आणि कशालाही न धडकता निघून गेला. म्हणजे ते ४३ लाख सूर्यांचं वजन त्याच्याही आत, इतक्याशा जागेत कोंबलेलं आहे. तेवढ्या जागेत तेवढं वजन आणि उजेड मात्र जवळजवळ नाही, असं दुसरं काही आपल्याला माहीत नाही.

कॅटमधून (इंदूरची लेझरवर संशोधन करणारी सरकारी संस्था) निवृत्त झालेले एक काका: मी आयुष्यभर लेझरवर काम केलं. टेलिस्कोपातून आकाशात लेझर सोडतात असे फोटो बघतो, तो ब्लॅक होलपर्यंत जातो असं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ठामपणे सांगतंय. काय भानगड आहे?

काका, ग्रुपवाल्यांना सांगा, तो फक्त ९० किलोमीटरपर्यंतच कामाचा आहे. रात्री सराफ्यात जिलबीच्या कढईच्या वरून पलीकडचा बल्ब बघा, तो लाटांसारखा हलतो. आपल्या डोक्यावरची हवा ताऱ्यांच्या बाबतीत हेच करते, म्हणून ८-१० मीटरचा आरसा लावला तरी मध्यभागातले ते दाटीवाटीचे तारे एकमेकांत मिसळलेला एक डाग दिसतात. एस-२ ची कक्षा त्या डागातच हरवते.

उपाय असा की हवा दर क्षणाला किती हलवतेय ते मोजायचं आणि एका वाकणाऱ्या आरशाने तेवढंच उलटं वाकवायचं, सेकंदाला शेकडो ते हजार वेळा. मोजायला जवळपास एखादा ठळक तारा हवा, तो हवा तिथे नसतोच. म्हणून लेझर. त्याचा रंग तुम्ही ओळखलाच असेल, ५८९ नॅनोमीटर, सोडियमचा पिवळा. ९० किलोमीटरवर उल्कांच्या चुऱ्यातून आलेल्या सोडियमचा पातळ थर आहे, लेझरने तो उजळला की झाला आपला नकली तारा. चिलीतल्या पॅरानल वेधशाळेच्या चार मोठ्या टेलिस्कोपांपैकी एकावर असे २२ वॅटचे चार लेझर २०१६ मध्ये बसवले, आणि त्याच्या वाकणाऱ्या आरशामागे हजारावर छोटे दट्टे आहेत. तुमच्या लॅबमध्ये २२ वॅट म्हणजे विशेष काही नाही म्हणाल, पण तोच रंग, तोच मोड रात्रभर डोंगरावर टिकवायचा, ते काय असतं हे मी तुम्हाला काय सांगणार.

आणखी एक. हे सगळं इन्फ्रारेडमध्ये चालतं, कारण मध्ये इतकी धूळ आहे की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत येतो. २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडला गेलं की दहातला एक येतो. पॅरानलला २०१६ पासून ग्रॅव्हिटी नावाचं यंत्र आहे, ते ८.२ मीटरच्या चारही टेलिस्कोपांचा प्रकाश जमिनीखालच्या बोगद्यांतून एकत्र आणतं, आणि मग ते चार मिळून बारकाव्याच्या बाबतीत १३० मीटरच्या एका टेलिस्कोपासारखे वागतात. २०१८ ची ती जवळून जाण्याची वेळ ह्यानेच पकडली.

लोकमान्य नगरहून एक ताई, शाळेत शिकवतात: ही जागा इंदूरहून दिसते का? जानापावच्या डोंगरावर असा मोठा टेलिस्कोप का नाही लावत?

जागा दिसते, ताई, ब्लॅक होल नाही. धनु राशीत, वृश्चिकाच्या नांगीच्या वर, जरा डावीकडे. इंदूरहून ती दक्षिणेला जास्तीत जास्त ३८ अंशांपर्यंतच चढते, आणि मध्यरात्री सगळ्यात वर असते ती नेमकी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पाऊस दाराशी. मुलांना दाखवायची तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला बघा, शहराबाहेर जाऊन. स्वच्छतेत आपला नंबर पहिला असेल पण आपल्या आकाशाला कोणी बक्षीस देणार नाही.

जानापावला दिव्यांचा उजेड आहे, दमट हवा आहे, पावसाळ्याचे चार महिने बाद. अटाकामाच्या वाळवंटात पॅरानल २६०० मीटरवर आहे आणि तिथे हीच जागा जवळजवळ डोक्यावरून जाते, म्हणजे मधली हवा सगळ्यात कमी. वेध घेण्याची आवड असेल तर मुलांना उज्जैनची जयसिंगांची वेधशाळा दाखवाच, तिथे नुसत्या डोळ्यांनी आणि सावलीने कोन कसे मोजायचे ते हाताने समजतं. वर जे काही लिहिलं ते शेवटी कोन मोजणंच आहे.

रामबाग, इयत्ता दहावी: यूट्यूबवर सांगतात की टॉन ६१८ हे ब्लॅक होल ६६ अब्ज सूर्यांचं आहे, सगळ्यात मोठं. माझा भाऊ म्हणतो फेकतायत भिया लोक. कोण बरोबर?

भाऊ अर्धा बरोबर. व्हिडिओवाले आकडा सांगतात पण तो कसा आला ते गिळून टाकतात, माझा राग तिथे आहे.

टॉन ६१८ इतकं लांब आहे की त्याच्याभोवतीचा एकही तारा वेगळा दिसत नाही. तिथे काय करतात, तर ब्लॅक होलजवळ गरगरणाऱ्या गॅसच्या स्पेक्ट्रममधली एक रेषा किती रुंद पसरलीय ते बघतात, रुंदी म्हणजे गॅसचा वेग. मग तो गॅस किती अंतरावर असेल ते त्याच्या एकूण तेजावरून अंदाजाने काढतात, आणि वेगाचा वर्ग गुणिले अंतर, झालं वजन. ह्यात गॅसची चकती आपल्याकडे तिरकी आहे की आडवी हेही धरून चालतात. एका रेषेवरून ६६ अब्ज आले, नंतर दुसऱ्या रेषेवरून ४० अब्ज आले. अवाढव्य आहे ह्यात वाद नाही, पण त्या आकड्यावर पैज लावू नको.

अंतर अंदाजाने न धरता मोजायचीही एक रीत आहे. मध्यभागचा उजेड कमी-जास्त होतो, आणि भोवतीचा गॅस काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तसाच कमी-जास्त होतो, मधला उशीर गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे गॅसचं अंतर. ह्याला राक्षसी टेलिस्कोप लागत नाही, महिनोन्‌महिने चिकाटी लागते, त्यामुळे हानलेचा २ मीटरचा आणि नैनितालजवळच्या देवस्थळचा ३.६ मीटरचा असे आपले टेलिस्कोपही ह्यात कामाचे आहेत. तरी चकती कशी आहे हा प्रश्न उरतो आणि उत्तर दोन-तीन पट चुकू शकतं.

अगदी जवळच्यांतही भांडणं झाली आहेत. एम-८७ ही ५.५ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, तिथे ताऱ्यांच्या वेगावरून ६.६ अब्ज आले, ह्यात हवाईतल्या ८.१ मीटरच्या जेमिनी टेलिस्कोपचं काम होतं, आणि गॅसच्या वेगावरून अंतराळातल्या हबलने दिले ३.५ अब्ज. जवळजवळ निम्मे! तारा धक्क्याबिक्क्याने हलत नाही, गुरुत्वाकर्षणाचंच ऐकतो, पण गॅसला आतून येणारे झोत ढकलतात, तो नीट गोल फिरेलच असं नाही. २०१९ मध्ये जगभरच्या रेडिओ टेलिस्कोपांनी मिळून तिथल्या ब्लॅक होलच्या सावलीचा फोटो काढला आणि सावलीच्या मापावरून आले ६.५ अब्ज. तारेवाले जिंकले.

आणि तुझ्यासाठी खास: २०२४ च्या सुरुवातीला पॅरानलच्याच चार टेलिस्कोपांनी ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या एका क्वेसारमधला (गॅस गिळणाऱ्या ब्लॅक होलमुळे झळाळणारं दीर्घिकेचं केंद्र) गॅस फिरताना प्रत्यक्ष मोजला, वजन आलं ३२ कोटी सूर्य. टॉनपेक्षा दोनशे पट लहान आहे, म्हणून यूट्यूबवर कोणी त्याचा थंबनेल करत नाही, पण माझा भरवसा ह्या आकड्यावर जास्त आहे.

सुदामा नगर: घरातल्या जुन्या पुस्तकात आपल्या ब्लॅक होलचं वजन २६ लाख सूर्य छापलंय. वीस-पंचवीस वर्षांत इतकं वाढलं का?

नाही हो, ते आहे तेवढंच आहे. १९९० च्या दशकात कुठल्याच ताऱ्याची पूर्ण कक्षा हातात नव्हती, पुष्कळ ताऱ्यांचे वेग एकत्र करून सरासरी काढत होते, तेव्हा २६ लाख यायचे. २००२ मध्ये एस-२ वळण घेताना सापडला आणि आकडा ३७ लाखांवर गेला, मग अंतर सुधारत गेलं तसा ४३ वर स्थिरावला. २०३४ मध्ये तो पुन्हा जवळून जाईल, चिलीतच ३९ मीटरचा टेलिस्कोप बांधून होतोय, तेव्हा आणखी बारीक मोजतील. पण पुस्तकात पेनाने ४३ करून टाका, पुढचे बदल आता दशांश चिन्हाच्या उजवीकडचे असतील.